निहाली: जळगाव जामोदची बिननात्याची भाषा

आज बुलढाणा जिल्ह्यात जाऊ. लोणार नाही, शेगाव नाही, त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आपण जातोय जळगाव जामोदला. खानदेशातलं जळगाव वेगळं बरं का, गल्लत नको.

तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा, त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी अशा गावांमध्ये निहाल समाज राहतो. त्यांची भाषा निहाली. त्यांचा स्वतःचा शब्द आहे कल्टो. ती बोलणारे साधारण दोन-अडीच हजार असतील, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता विशेष काय? तर या भाषेचं जगात कुणाशी नातंच लागत नाही. मराठीला गुजराती, हिंदी अशा बहिणी आहेत. शेजारची कोरकू ही संथाली-मुंडारीच्या घराण्यातली. गोंडी द्रविड. निहाली मात्र एकटी. युरोपात बास्क आहे ना, किंवा हुंझाकडची बुरुशस्की, तशी.

पण पहिल्यांदा ऐकलंत तर हे पटणार नाही. निहालीत एक ते चार म्हणतात बिडुम, इरार, मोठो, नालो. तमिळ मित्राला विचारा, दोनला इरंडु आणि चारला नालु म्हणतील. त्यापुढचे आकडे आपल्याकडूनच उसने घेतलेले. कोरकूतून आलेले शब्द तर ढिगाने. त्यामुळे कुणी म्हणालं ही मोडकी कोरकू, कुणाला ती मुद्दाम बनवलेली सांकेतिक बोली वाटली. नेदरलँड्सच्या कायपर यांनी 1962 साली निहालीवर पुस्तक काढलं. त्यांनी शब्द वेगवेगळे करून पाहिले, तर जवळपास पाव हिस्सा कुठूनच आलेला दिसेना. आणि त्या पावात काय आहे? पाण्याला जोप्पो, विस्तवाला आपो, डोळ्याला जिकी. मला विचाराल तर इथेच सांकेतिक बोलीची गोष्ट डळमळते. खुणेचे शब्द लोक पैशाला, पोलिसाला बनवतील. स्वतःच्या डोळ्याला कशाला?

अर्थात लपवण्याचा भाग खोटा नाही. निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेजारी राहिले, त्यांच्याकडे मजुरीही केली. निहालांना कोरकू येते, कोरकूंना निहाली येत नाही. म्हणजे मालकासमोर उभं राहून आपसात बोलायची सोय! बाहेरच्यासमोर ही भाषा बोलायला माणसं बिचकतात, हा अनुभव अभ्यासकांनाही आला. तरी पुण्याच्या आशा मुंडले यांनी चिकाटीने शब्दसंग्रह केला, तो 1996 मध्ये छापून आला. पुढे डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी ध्वनिमुद्रणं केली.

सरकारी कागदावर मात्र निहाली शोधून सापडत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'निहाल' हे नाव कोरकूच्याच नोंदीत, पोटात घातलंय. जनगणना दहा हजारांहून कमी लोकांची भाषा वेगळी छापत नाही. 2011 च्या यादीत 121 भाषा आहेत, त्यात ही नाही. दोन हजार माणसांनी दहा हजार कुठून आणायचे? त्यात पुष्कळ जण स्वतःला कोरकूच सांगतात, आणि ते चुकीचं तरी कसं म्हणावं, दाखल्यावर तेच लिहिलंय.

शाळा मराठीत, बाजार मराठी-हिंदीत, मोबाईलचा कीबोर्डही त्यांचाच. निहालीला स्वतःची लिपी नाही. देवनागरीत लिहिता येते, मी आत्ता लिहिलीच की, पण व्हॉट्सॲपवर ती लिहायची कुणाला?

जळगाव जामोदकडचं कुणी ऐकत असेल आणि घरात कल्टो बोलत असतील, तर एक व्हॉइस नोट पाठवा. पाणी, विस्तव, डोळा, तुमच्या उच्चारात. पण आधी आजीला विचारा. ती म्हणाली, बाहेरच्यांना नको, तर नका पाठवू.