हक्क आणि अर्ज

16 मार्च 2018 रोजी गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि डिचोलीतील कित्येक चुली मंदावल्या. त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा महामंडळाने बेकारांसाठी योजना काढली. 2020 मध्ये मदत सरासरी वेतनाच्या निम्म्यावर गेली; मुदत 90 दिवस, तीही आयुष्यात एकदाच. परंतु 1948 च्या विमा कायद्याने ‘कारखाना’ या व्याख्येतून खाण वगळली होती! पेडण्यातील तुये येथील कारखान्यातल्या विमाधारकाला जो आधार होता, तो खाणकामगाराला नव्हता. म्हणून प्रत्येकाने नोकरी असतानाच आपण विम्याच्या कक्षेत आहोत काय, वर्गणी नियमित भरली जाते काय, हे पाहावे. अशी मदत भिक्षा नव्हे, वर्गणीतून उभा राहिलेला हक्क होय. मात्र हक्कासाठीही अर्ज करावा लागतो.