निद्रा आणि आपला संसार
(ज्ञातिमंडळाच्या पारोळे येथील वार्षिक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



आमच्या व्याख्यानाचा विषय 'निद्रा' आहे हे ऐकून पुष्कळांनी स्मित केले. भोजनोत्तर सभेत या विषयाचे प्रात्यक्षिक श्रोतेच करून दाखवितात, अशी थट्टाही कानी आली. ती आम्हांस मान्य आहे. परंतु जी गोष्ट आपण थट्टेवारी नेतो तिच्यापायी आपल्याच घरांतील माणसे खचत आहेत, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

चरकाचार्यांनी आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले. पैकी निद्रेला आपण आळसाच्या पंक्तीस बसविले आहे. पहाटे चारला उठणारी सून गुणाची ठरते. ती रात्री अकराला भांडी आवरून निजली होती, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. प्रौढ माणसास निदान सात तास झोप हवी, असे आजचे वैद्यक सांगते.

खानदेशात ही उणीव केवळ सवयीने आलेली नाही. कृषिपंपांस वीज कधी दिवसा तर कधी रात्री, अशी पाळीपाळीने देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालली. रात्रीची पाळी आली की पौषाच्या थंडीत बॅटरी घेऊन गव्हा-हरभऱ्यात दारे धरावयास जाणे आपल्या शेतकरी बांधवांच्या अंगवळणी पडले. दिवसा वीज मिळावी म्हणून शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आरंभिला. दिवसाच्या विजेची मागणी करताना आपण साप-विंचवाचे भय सांगतो. झोपेचे नाव मात्र कोणी घेत नाही.

रात्री जागून दिवसा तितकेच तास निजले की हिशेब फिटला, ही समजूत चुकीची आहे. देहाच्या पेशीपेशींत एक घड्याळ चालते. ते कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांस २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यत्वे उजेडावर लागते. म्हणून दिवसाची झोप उथळ व तोकडी होते, आणि पाळी वरचेवर बदलली तर घड्याळ नीट लागतच नाही. असे पुष्कळ वर्षे चालले म्हणजे रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांची शक्यता वाढते. ग्रीष्मात दिवसा निजण्यास चरकांनी मुभा दिली आहे, तेव्हा वैशाखातील दुपारच्या झोपेबद्दल कोणी लाजू नये! पूर्वी धाब्यावर अंथरूण टाकले की पहाटवारा लागे. आता रात्रभर तापलेल्या स्लॅबखाली निजावे लागते.

घोरण्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो. मोठ्याने घोरणाऱ्यास गाढ झोप लागते असे आपण मानतो. कित्येकदा स्थिती उलट असते. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मग मेंदू दचकून अर्धवट जागा होतो. एका रात्रीत हे शेकडो वेळा घडू शकते, आणि त्या माणसास सकाळी काहीच आठवत नाही. दिवसा गल्ल्यावर बसल्याबसल्या डोळा लागतो, तेव्हा घरचे त्यास सुस्त म्हणतात. वजन उतरविणे, कुशीवर निजणे व मद्य वर्ज्य करणे यांनी पुष्कळांस गुण येतो. सिडनीचे डॉक्टर सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेली, मुखपट्टीतून दाबाची हवा देणारी युक्ती आता जगभर वापरली जाते. भगिनींनो, यजमानांचा श्वास मध्येच थांबतो हे प्रथम तुम्हांसच कळते. ते डॉक्टरांच्या कानी घाला. 'स्थळांना कळेल' म्हणून अशी दुखणी झाकून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

आता आमचा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लग्नाहून आम्ही भाड्याच्या गाडीने धुळ्याकडून परतत होतो. चालकाने पहाटेपासून दुसरे वऱ्हाड पोहोचविले होते. "थोडा पडतो, मग निघू," असे तो म्हणाला. सकाळी दुकान उघडावयाचे म्हणून आम्ही त्यास रात्री एकलाच निघावयास लावले. पारोळे जवळ आले असता गाडी महामार्ग सोडून निंबावर आदळली. आमच्या बंधूंचा पाय तेव्हापासून अधू आहे. दोष सर्वांनी चालकास दिला, आम्हीही दिला. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत पन्नास मीटर जाते, हा हिशेब आम्ही पुढे मांडला. त्या मनुष्यास मांडवात कोणी अंथरूण दाखविले नव्हते. त्याने स्वतः मागितलेली तासभराची झोप आम्हीच नाकारली होती.

मुलांच्या झोपेची दखल शासनाने घेतली आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. मंडळापुढे आमचे मागणे याहून लहान आहे. वऱ्हाडाने मध्यरात्रीनंतर परतीचा प्रवास करू नये, असा ठराव आजच्या सभेत व्हावा. आणि येत्या सामुदायिक विवाहाच्या वेळी मांडवापासून दूर, वाजंत्रीचा आवाज पोहोचणार नाही अशी एक खोली चालकांसाठी राखावी. तेथे चार खाटा, पंखा व पाण्याचा माठ असला म्हणजे पुरे. त्याचा खर्च आम्ही आमच्याकडून देऊ.