संयम हे बलवंतांचे व्रत



‘जीवनातील संयम आणि नियम’ हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. हा विषय निघाला की तरुण मंडळी हळूच घड्याळाकडे पाहू लागतात. आता उपदेश ऐकावा लागणार, असे त्यांना वाटते. म्हणून मी उपदेश बाजूला ठेवतो आणि आपल्याच इतिहासातील एका पत्राविषयी बोलतो.

छत्रपती शिवाजी महाराजांचे हे पत्र चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले आहे. ते १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे लिहिले गेले. पावसाळा तोंडावर होता. घोडदळ छावणीला आले होते. दाणा, वैरण आणि इतर शिधा यांचा साठा मोठ्या कष्टाने जमा केलेला होता. कोकणातील पावसात नद्या-नाले भरले की घाटावरून नवी रसद आणणे दुरापास्त होते. महाराज बजावतात की, आज आहे म्हणून मन मानेल तसे खर्च कराल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल.

संयमाचा पहिला धडा येथेच आहे. महाराज घोड्यांना उपाशी ठेवा असे सांगत नाहीत. साठा संपूर्ण पावसाळा पुरवा, असे सांगतात. संयम म्हणजे उद्याचा हिशेब ध्यानात ठेवून केलेला आजचा खर्च. घरातील पैसा असो, विहिरीतील पाणी असो, की रागाच्या भरात ओठांवर आलेला शब्द असो, हिशेब हाच आहे.

दुसरा धडा त्या पत्रातील उंदराचा आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तमाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच जळता ठेवील आणि उंदीर ती पेटती वात पळवून नेईल, मग गवत आणि पागा दोन्ही जळून जातील, अशी धास्ती महाराजांनी व्यक्त केली आहे. मोगल आणि आदिलशाही या दोन सत्तांशी झुंजणारा राजा दिव्याच्या वातीचा विचार करतो! त्यांनी नुसता हुकूम सोडलेला नाही. त्यामागील कारणही सांगितले आहे. शिवाय, आग लागून गेल्यावर कोणाला कितीही कठोर शिक्षा केली तरी जळालेल्या गवताची काडी परत मिळत नाही, हेही ते स्पष्ट करतात. शिक्षेने नुकसान भरून येत नाही. म्हणूनच शिस्त आधी लागते.

परंतु या पत्राचे खरे मर्म तिसऱ्या धड्यात आहे. शिधा संपला की सैनिक कुणब्याच्या दारी जातील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. मग गावेच्या गावे उठून जातील आणि यांच्यापेक्षा मोगल बरा, असे रयतेला वाटू लागेल. हा इशारा महाराजांनी आपल्याच विजयी सैन्याला दिला आहे. सैनिकाच्या हाती तलवार होती, कुणब्याच्या हाती काहीच नव्हते. निर्बलाला संयम पाळावाच लागतो. त्याला दुसरा इलाज नसतो. ज्याला अडविणारे कोणी नाही, त्याने स्वतःला आवरले तर तो खरा संयम. सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. मोहिमेवर निघताना सैनिकाजवळ काय आहे याची नोंद करावी आणि परतल्यावर ती ताडून पाहावी, अशी पद्धत तिच्यात नमूद आहे. तेव्हा ही शिस्त केवळ सदिच्छेवर सोडलेली नव्हती; तिला व्यवस्थेचा आधार होता.

तेव्हा नियम राजाचा होता. आज तो आपला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे बजावले होते की, घटनात्मक मार्ग खुले असताना सविनय कायदेभंगासारख्या मार्गांचेही समर्थन करता येणार नाही. आयुष्यभर अन्यायाविरुद्ध झुंजलेल्या महापुरुषाचे हे मत आहे. आपणच केलेला नियम गैरसोयीचा वाटला म्हणून मोडण्याची मुभा आपल्याला उरत नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. उत्सव आपला, मंडप आपला, कार्यकर्तेही आपलेच. अशा वेळी पलीकडच्या इमारतीतील हृदयविकाराचा रुग्ण, तान्हे मूल, परीक्षेला बसलेली मुलगी हे सारे त्या कुणब्याच्या जागी असतात. ते तक्रार करायला येत नाहीत. पोलीस येण्याची वाट न पाहता जो कार्यकर्ता १० वाजण्यापूर्वी स्वतःहून आवाज बंद करतो, त्याला ते पत्र कळले, असे मी म्हणेन. शिवरायांच्या नावाचा जयघोष करणाऱ्या आपणा सर्वांवर तर ही जबाबदारी अधिक आहे.

घरातही हेच सूत्र लागू पडते. मुलांना नियम सांगताना त्यामागील कारणही सांगावे, आणि तो नियम प्रथम आपण पाळावा. मोबाइल बाजूला ठेव असे सांगणाऱ्या वडिलांच्या हातात जेवताना मोबाइल असेल, तर मूल ऐकण्याऐवजी पाहून शिकते. कारण न कळता पाळलेला नियम पाहणारा दूर झाला की सुटतो. कारण पटलेला नियम एकांतातही टिकतो.

आपले सामर्थ्य वाढले आहे, संख्या वाढली आहे, साधनेही वाढली आहेत. त्या सामर्थ्याच्या शेजारी राहणाऱ्या दुबळ्या माणसाला भय वाटते की आधार वाटतो, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.