वेगाची हौस आणि मोटारीची निवड

वेगाची आवड मनुष्यास उपजतच असते. ती उपदेशानें नाहींशी होत नाहीं. तिला योग्य वाट करून देणें एवढेंच शहाण्याच्या हातीं असतें. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ही आवड बैलगाड्यांच्या शर्यतींतून पिढ्यान्‌पिढ्या प्रकट होत आली आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या शर्यतींस बंदी केली, २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रास अटींवर परवानगी दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत राज्याचा त्याविषयींचा कायदा वैध ठरविला. ह्या शर्यतींचा शौकीन शेतकरी एक गोष्ट पक्की जाणतो: नांगराचा बैल निराळा आणि शर्यतीचा बैल निराळा. जो दिवसभर औत ओढतो त्याजकडून वाऱ्याच्या वेगाची अपेक्षा करूं नये, आणि जो पळण्यासाठीं राखला त्याच्या मानेवर औताचा भार घालूं नये.

आज हाच विवेक मोटारीच्या बाबतींत करण्याची वेळ सुशिक्षित कुटुंबांवर येत आहे. शेवगांवासारख्या तालुक्याच्या गांवांतून शिकून पुण्यास नोकरीला लागलेला एखादा तरुण मोटार घेतो आणि तिचा वेग अजमावूं पाहतो. तो कोठें अजमावावयाचा? शेवगांवाहून अहिल्यानगरास किंवा पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर हंगामांत उंसानें भरलेल्या ट्रॉल्या चालतात; त्यांच्यामागें दिवा असेलच अशी खात्री नसते. तेथें वेगाचा प्रयोग करणें म्हणजे स्वतःच्या आणि परक्याच्या प्राणांशीं खेळणें होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेंही सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा गुन्हा मानला असून, २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही सांगितलीं आहेत.

ह्यावर उपाय म्हणजे बंदिस्त धावमार्ग. तेथें समोरून कोणी येत नाहीं, वळणाबाहेर मोकळी जागा राखलेली असते आणि रुग्णवाहिका सज्ज असते. हौशी चालकांस आपापली मोटार घेऊन तेथें दिवसभर फेऱ्या मारावयास मिळतात, त्या दिवसास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. त्यांत बक्षीस नाहीं, क्रमांक नाहीं. आपलीच मागील फेरी हा आपला प्रतिस्पर्धी. आपल्या देशांत ह्या छंदाचें माहेर दक्षिणेंत आहे. मद्रासच्या मोटार क्रीडा मंडळाची स्थापना १९५३ सालची. त्याच्या शर्यती प्रथम शोळावरमच्या जुन्या विमानपट्टीवर होत. १९९० सालीं इरुंगट्टुकोट्टै येथें ३.७ किलोमीटरांचा खास मार्ग सिद्ध झाला. कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरांचा मार्ग एस्. करिवर्धन ह्यांच्या नांवानें ओळखला जातो. ह्या गृहस्थांनीं मारुती ८०० मोटारीचें ७९६ घनसेंटिमीटरांचें लहानसें इंजिन घेऊन शर्यतीच्या गाड्या घडविल्या आणि थोडक्या खर्चांत पुष्कळांस ह्या खेळाची गोडी लाविली. आपल्याकडे कोल्हापुरानेंही ह्या क्षेत्रांत नांव मिळविलें असून, तेथील कृष्णराज महाडिक २०१८ सालीं ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्रीच्या स्पर्धांत उतरले होते.

आतां प्रश्न असा कीं, घरची मोटार असतां ह्या कामासाठीं निराळी कशाला? ह्याचीं कारणें तीन. पहिलें झिजेचें. रस्त्यावर वर्षानुवर्षें पुरणारे टायर व ब्रेकचीं पॅडें धावमार्गावर मोजक्या दिवसांत संपतात. दुसरें विम्याचें. खाजगी मोटारीच्या विमापत्रांत संघटित शर्यत व वेगचांचणी हे उपयोग सामान्यतः वगळलेले असतात. तेथें झालेलें नुकसान मालकाच्याच माथीं येतें. तिसरें कारण सुरक्षिततेचें, आणि तें थोडें चमत्कारिक आहे. मोटार उलटल्यास छत दबूं नये म्हणून आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात. शिरस्त्राण घातलेल्यास तो तारक. परंतु भाजी आणावयास निघालेल्या, उघड्या डोक्याच्या गृहस्थास किरकोळ धडकेंतही तीच नळी घातक ठरूं शकते. एकाच वाहनानें दोन्ही कामें उत्तम करावींत ही अपेक्षाच चुकीची.

निवड करतांना बहुतेकांची दृष्टि प्रथम इंजिनाच्या अश्वशक्तीकडे जाते. ती प्रथम वजनाकडे जावी. शाळेंत शिकलेला एक नियम येथें कामास येतो: गतिमान वस्तूची ऊर्जा वजनाच्या प्रमाणांत, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एक हजार किलोची मोटार ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या ठायीं दोन लक्ष ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट, म्हणजे १४४ झाला कीं ती आठ लक्ष होते. मोटार थांबवावयाची म्हणजे ही सारी ऊर्जा मुख्यतः ब्रेकांनीं उष्णतेच्या रूपानें गिळावयाची. आठ लक्ष ज्यूल म्हणजे सुमारें अडीच लिटर पाणी साध्या तपमानापासून उकळीस आणण्याइतकी उष्णता. तिचा मोठा वांटा प्रत्येक फेरींत, प्रत्येक मोठ्या वळणापूर्वीं ब्रेकांस सोसावा लागतो. म्हणूनच सुमारें साडेसहाशें किलोची मारुती ८०० येथें गुणी ठरते, आणि सतराशें किलोची दिमाखदार उंच गाडी कांहीं फेऱ्यांतच धापा टाकूं लागते.

ब्रेकचें तेलही लक्ष देण्याजोगें आहे. डॉट-४ प्रतीचें ताजें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण तें हवेंतील ओलावा शोषतें, आणि ठराविक प्रमाणांत पाणी शोषल्यावर त्याची मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरूं शकते. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि चालकाचा पाय पोकळींत गेल्यासारखा खालीं जातो. अश्वशक्ति वाढविण्यापूर्वीं नवें तेल व चांगलीं पॅडें घालावींत, तीं ह्यासाठीं.

मग कोणती मोटार घ्यावी? परदेशांत १९८९ पासून माझ्दाची एमएक्स-५ ही हलकी, मागील चाकांनीं चालणारी छोटी गाडी हौशी लोकांची लाडकी आहे. आपल्याकडे मागील चाकांच्या हलक्या मोटारी दुर्मिळ. तेव्हां पुढील चाकांनीं चालणारी जुनी, साधी मोटार पाहावी. मारुती ८०० चें उत्पादन २०१४ सालीं आणि फोक्सवॅगन पोलोचें येथील उत्पादन २०२२ सालीं थांबलें. दोहींचा शर्यतींत चांगला उपयोग झाला असून त्यांचे कारागीर सर्वत्र भेटतात. जिचा सुटा भाग गांवच्या पेठेंत मिळत नाहीं, ती मोटार कितीही नामांकित असली तरी वर्षांतील बहुतेक दिवस छपराखालींच उभी राहते.

जुनी मोटार घेतांना रंगाच्या तकाकीस भुलूं नये. सांगाड्यास गंज वा अपघातानंतरचें वेल्डिंग नाहीं ना, गियर वेगानें बदलतांना खरखर होत नाहीं ना, रेडिएटर गळत नाहीं ना, हें जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावें. फाटलेली गादी किंवा बंद पडलेला रेडिओ हा मात्र दोष नव्हे. तीं दोन्हीं काढूनच टाकावयाचीं असतात. मनांत योजलेली सर्व रक्कम खरेदींत घालूं नये. निम्मी शिल्लक ठेवून ती आसन, पट्टे, शिरस्त्राण, टायर व ब्रेक ह्यांवर खर्चावी. शिवाय मराठी मुलखांतून दक्षिणेंतील ह्या मार्गांपर्यंत हजार किलोमीटरांची मजल आहे. मोटार वाहून नेण्याचा खर्च विसरणारा मनुष्य दुसऱ्या खेपेस जात नाहीं.

शेवटीं एक कसोटी, जी कोणत्याही यंत्रकोशांत आढळणार नाहीं. ही मोटार उद्यां भिंतीवर आदळून निकामी झाली, तर चालक सुखरूप उतरल्याच्या आनंदापुढें घरच्यांस तिचें दुःख होईल काय? मुलांची फी, बहिणीचें लग्न किंवा बँकेचा हप्ता जर त्या पत्र्यांत अडकला असेल, तर ती मोटार आपल्या ऐपतीबाहेरची समजावी. जी गमावण्याची भीति वाटते ती चालवितांना हात आखडतो, आणि आखडलेला हात वळणावर घात करतो. हलकी, साधी, स्वस्त आणि उत्तम ब्रेकांची मोटार घेणाऱ्या तरुणास वेगाचें सुख मिळतें. आणि सायंकाळीं दाराशीं पावलें वाजेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाहीं. ह्या छंदांत दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे.