सभेत उभे राहताना

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



चिटणीसांनी मला 'वक्तृत्वकला' हा विषय दिला आहे. त्यातला 'कला' हा शब्द मला जरा जड वाटतो. तुम्ही सर्वांनी सभा गाजविणारे वक्ते व्हावे, अशी माझी अपेक्षा नाही. मुलाखतीत, वर्गात, नगरपालिकेच्या साहेबासमोर आपले म्हणणे समोरच्याला नीट कळेल एवढे बोलता आले, तरी पुष्कळ झाले. तेवढेही न आल्यामुळे आपल्या मुलांचे किती नुकसान होते, हे मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे पाहिले आहे. लेखी परीक्षेत वरच्या क्रमांकाने आलेला मुलगा तोंडी परीक्षेत मान खाली घालून बसतो आणि येत असलेले उत्तर गिळून परत येतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. अठराव्या वर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा उभा राहिलो. चार पानांचे भाषण आठ दिवस घोकून पाठ केले होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर कोणाचे तरी मूल रडले, माझी नजर तिकडे गेली आणि पुढचे वाक्य हरवले. ते एक वाक्य हरवले म्हणून पुढची अडीच पाने हरवली. खाली येऊन बसलो, तेव्हा वडील काही बोलले नाहीत. त्याचेच जास्त वाईट वाटले. चूक घोकण्यात होती. मी शब्द पाठ केले होते, विषय समजून घेतला नव्हता.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. १७ डिसेंबर १९४६. घटना समितीत पंडित नेहरूंनी १३ तारखेला मांडलेल्या ध्येय-ठरावावर चर्चा चालू होती. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी अचानक बाबासाहेबांचे नाव पुकारले. बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकले, की आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आपली पाळी उद्या येईल असे वाटले होते, आज काहीच तयारी नाही. त्यात वेळेची मर्यादा दहा मिनिटांची. समोर बहुसंख्य सभासद काँग्रेसचे, म्हणजे ज्यांच्याशी अनेक वर्षांचा झगडा त्यांचेच.

त्यांनी काय केले? प्रथम ठरावाचे दोन भाग पाडले, एक वादाचा आणि एक बिनवादाचा. बिनवादाच्या भागात काय कमी आहे ते स्पष्ट सांगितले : हक्क दिले, पण ते मोडले गेले तर उपाय कोणता, हे ठरावात नाही. मग वादाच्या मुद्द्याकडे वळले. मुस्लिम लीग सभेत नसताना ठराव लगेच मंजूर करावा की बॅरिस्टर जयकरांच्या सूचनेप्रमाणे थांबावे? इथे त्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. ठराव करण्याचा सभेला अधिकार आहे की नाही हे बाजूला ठेवा, तसे करणे शहाणपणाचे आहे का, एवढे पाहा, असा त्यांचा रोख होता. आज आपण कितीही विभागलेले असलो तरी हा देश एक होईल, हा विश्वासही त्यांनी बोलून दाखविला. विरोधकांना न दुखवता विरोधी मत ऐकायला लावले. पुढे चर्चा लांबणीवर पडली आणि ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला.

तयारी नाही म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीशी तीस वर्षांचे वाचन होते, हे विसरू नका. त्या दिवशीची तयारी नव्हती, एवढेच.

आपली गोष्ट अर्थात वेगळी आहे. आपण तयारी करूनच उभे राहावे. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच मुद्दे लिहावेत, पूर्ण वाक्ये लिहू नयेत. पाठ करायचेच असेल तर फक्त पहिले वाक्य करावे, कारण पाय थरथरतात ते पहिल्या वाक्यालाच. ध्वनिवर्धक तोंडापासून वीतभर दूर असावा. मान्यवरांच्या नावांची यादी वाचण्यात पाच मिनिटे घालवू नयेत (हे मी आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनाही सांगतो, ते रागावतात). हल्ली महाविद्यालयात संगणकावरून पडद्यावर मजकूर दाखवून बोलावे लागते. तिथे मुले पडद्याकडे तोंड करतात आणि तोच मजकूर वाचून दाखवितात. ऐकणाऱ्याला वाचता येते. पडद्यावर आकडा किंवा आकृती ठेवा, तिचा अर्थ तुम्ही सांगा.

एक गोष्ट मात्र मन लावून ऐका. 'न' आणि 'ण' यांच्यावरून तुम्हाला कोणी हसले असेल. 'पाणी'चे 'पानी' झाले, म्हणून वर्गात खाली बसविलेली मुलगी मला माहीत आहे; ती पुढे वर्षभर उभी राहिली नाही. प्रमाण भाषा शिकावी, ती परीक्षेत आणि नोकरीत उपयोगी पडते. पण ती येईपर्यंत गप्प बसू नये. आमच्या वस्तीत नळाचा प्रश्न होता. शिकलेल्या आम्हा मंडळींनी तीन निवेदने दिली, 'सविनय' आणि 'तरी कृपया' सगळे जागच्या जागी. मग एक धुणीभांडी करणारी बाई साहेबांसमोर उभी राहिली. म्हणाली, "साहेब, नळ एक, घरं चाळीस. पानी पहाटे चारला येतं आन् पाचला जातं. मी कामावर पाचला निघते. मला पानी कधी भरायचं ते तुमी सांगा." साहेबांनी लिहून घेतले. दुसरा नळ आला. तिच्या बोलण्यात आकडे होते, वेळ होती आणि शेवटी उत्तर द्यावेच लागेल असा प्रश्न होता. आमच्या निवेदनांत यातले काहीही नव्हते.

पुढच्या रविवारपासून वंदना झाल्यावर याच सभागृहात आपण सराव करू. प्रत्येकाला पाच मिनिटे, टेबलावर घड्याळ राहील. ऐकणाऱ्यांनी हसायचे नाही, उच्चाराच्या चुका नंतर एकट्याला गाठून सांगायच्या. मुलींची नावे यादीत वर घ्यावीत, अशी चिटणीसांना माझी विनंती आहे, कारण शेवटी ठेवली की त्यांना घरी जायची घाई होते. पहिल्या दिवशी सुरुवात मी करीन. अठराव्या वर्षी अर्धवट राहिलेले ते भाषण पूर्ण करायचे आहे.