पेणच्या गल्लीतली रेंज



पेणमध्ये गच्चीवर फोनला भरपूर रेंज असते आणि दोन जिने उतरले की आवाज तुटायला लागतो. टॉवर तर समोर दिसत असतो. मग लहर जाते कुठे?

मध्यम लहरींवरचा रेडिओ घरात नीट ऐकू येतो, कारण त्याची एकेक लहर शेकडो मीटर लांब असते. घरं, झाडं तिच्या खिजगणतीतही नसतात. मोबाइलची 900 मेगाहर्ट्‌झची लहर मात्र जेमतेम 33 सेंटिमीटरची. ती भिंतीवर आपटते, पत्र्यावरून परत फिरते, छपराच्या कडेवरून वाकून गल्लीत उतरते. अशा निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना जोर देतात आणि तिथून वीतभर अंतरावर एकमेकींना मारून टाकतात.

हा गुंता हिशेबात बसवला जपानी अभियंत्यांनी. योशिहिसा ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात गाडी फिरवून मोजमापं घेतली आणि 1968 साली त्यांचे आलेख प्रसिद्ध केले. मासाहारू हाता यांनी 1980 मध्ये त्या आलेखांची सूत्रं केली. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की लहरीची शक्ती चौथा हिस्सा उरते. हाता यांच्या सूत्रात, टॉवरची अँटेना 30 मीटर उंच असेल तर, ही शक्ती अकराव्या हिश्श्याच्याही खाली जाते. रस्तोरस्ती फिरून केलेली ही मोजणी मला फार मोलाची वाटते.

पण हे सूत्र लागू होतं 1 किलोमीटरच्या पुढे. पेणच्या बाजारपेठेत बहुतेक माणसं टॉवरच्या त्याहून जवळ असतात. तिथे वॉल्फिश-इकेगामी ही पद्धत वापरतात. ती छपरांची उंची, रस्त्याची रुंदी, इमारतींमधलं अंतर विचारात घेते. मात्र इमारती साधारण एका उंचीच्या आहेत असं धरून चालते. आपल्याकडे कौलारू घराला खेटून उंच इमारत उभी असते, पेणजवळच्या हमरापूर-जोह्याला गणपतींच्या मूर्तींच्या कारखान्यांवर पत्रे असतात. परक्या शहरावर बेतलेले आकडे इथे जसेच्या तसे लावणं मला पटत नाही. ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे गाडी फिरवून केलेली मोजणी, इथे व्हायला हवी, आणि गाडी शिरत नाही त्या आळीत चालत जाऊन.

तीही एकदाच नको. ओली पानं लहर जास्त शोषतात, त्यामुळे उन्हाळ्यातली मोजणी पावसाळ्यात पुरी पडत नाही. एक फेरी श्रावणात करावी. मूर्तींच्या मागणीचे फोन जोह्याला त्याच दिवसांत येतात.