पिकअपला पिकअप हवा की ॲव्हरेज?



यंदाच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत कालच्या दिवशी ज्ञानेश्वरी आहे, उद्या मधुमेह आहे आणि मध्ये मी, पिकअप ट्रक घेऊन. चिटणीसांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली, "विषय हाच छापू ना?" छापा म्हटलं. आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेलेल्या माणसाकडून दुसरं काय मिळणार?

आपल्याकडे 'पिकअप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे टोमॅटोचे क्रेट रचून पहाटे बाजार समितीकडे निघालेली गाडी. दुसरा म्हणजे गाडीचा उठाव. "गाडीला पिकअप नाही राव," असं आपण म्हणतो ना, तो. आणि गाडी कोणतीही असो, आपला पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? आजचं व्याख्यान या तीन गोष्टींभोवतीच फिरणार आहे. गाड्या मात्र अमेरिकेतल्या आहेत, कारण पिकअप की ॲव्हरेज हा झगडा तिथं रंगला आहे. आपल्याकडे हौदेवाल्या गाड्यांत हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड, अजून आलेलंच नाही. २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्ससुद्धा इथं डिझेलवरच धावते.

गेल्या वर्षी मी टेक्ससमध्ये पुतण्याकडे होतो. त्यानं हायब्रिड पिकअप घेतला होता. कोणता ते सांगत नाही, नाहीतर उद्या कंपनीचं पत्र यायचं. शनिवारी आम्ही इंडियन स्टोअरमधून तांदळाची मोठी पिशवी, तूरडाळ आणि नारळ घेतले. बाहेर आलो तर पाऊस. हौदा उघडा, त्यात पाणी साचलेलं. मी म्हटलं, मागच्या सीटखाली ठेवू. त्यानं सीट उचलली. खाली काळं झाकण, त्याला वाऱ्यासाठी जाळी, आणि जागा म्हणाल तर जॅक बसेल एवढी. "काका, तिथं बॅटरी आहे." तांदूळ मांडीवर घेऊन मी घरी आलो. रस्ताभर एकच विचार डोक्यात होता: या बॅटरीनं तांदळाची जागा घेतली, मग बदल्यात दिलं काय?

आता बॅटरी केवढी ते बघू. टोयोटाचा टकोमा हा मधल्या आकाराचा पिकअप तिथं १९९५ पासून विकला जातो. त्याचं हायब्रिड रूप २०२४च्या मॉडेलपासून आलं. त्यात बॅटरी आहे १.८७ युनिटची. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी पेट्रोलच्या हिशेबात एक वाटी. इंजिन निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून उधळतं आणि मोटर फारच कमी, तेवढी सूट दिली तरी अर्ध्या-पाऊण लिटरचं काम. तेव्हा ही साठवणुकीची टाकी नव्हे. हा गल्ला आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत सुटे पैसे येतात आणि जातात.

सुटे येतात ब्रेकमधून. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेग तापून नाहीसा होतो. हायब्रिडमध्ये मोटर उलटी फिरून जनित्र होते आणि तो वेग गल्ल्यात पडतो. सिग्नलला थांबलेली गाडी पुन्हा सुटताना तेच सुटे खर्ची पडतात. शहरात हा धंदा तेजीत चालतो. हायवेवर ब्रेकच लागत नाही, मग गल्ल्यात पडणार काय? तिथं गाडीची लढाई वाऱ्याशी असते. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट. पिकअपचं तोंड भिंतीसारखं, मागं हौदा उघडा, आणि त्यामागं उंच ट्रेलर जोडला तर विचारूच नका. ही वाऱ्यानं खाल्लेली ऊर्जा कोणतीही बॅटरी परत मिळवून देत नाही.

आकडे हेच सांगतात. चारही चाकं ओढणाऱ्या ऑटोमॅटिक टकोमाचं साधं पेट्रोल रूप सरकारी चाचणीत गॅलनला सुमारे २१ मैल देतं, हायब्रिड सुमारे २३. आपल्या भाषेत लिटरला ८.९ आणि ९.८ किलोमीटर. त्यातही कमाई जवळजवळ सगळी शहरात, हायवेवर दोघं बरोबरीला. एवढा खटाटोप करून लिटरमागे एक किलोमीटरही नाही? मग मोटरनं केलं काय?

मोटरनं उठाव दिला. साधं इंजिन २७८ अश्वशक्तीचं, हायब्रिड मिळून ३२६. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४३० न्यूटन-मीटरवरून ६३०. इंजिन आणि आठ गिअरची पेटी यांच्यामध्ये ४८ अश्वशक्तीची मोटर दाबून बसवली आहे. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोला श्वास घ्यायला जो क्षण लागतो तो ती भरून काढते. चढावर, चिखलात, दगडांतून हळूहळू जाताना याचं मोल मोठं. चालवून पाहिलेला माणूस तक्रार करणार नाही. माझं म्हणणं इतकंच की गाडीवर 'हायब्रिड' लिहिलेलं वाचून गिऱ्हाईक ॲव्हरेज समजतं आणि त्याला मिळतो पिकअप. वाचवलेल्या ऊर्जेचे पैसे करायचे की ताकद, हे कारखान्यातच ठरलेलं असतं.

आणखी एक गंमत. टॉर्क एवढा वाढला, तर ओढण्याची क्षमता वाढायला हवी ना? ती घटली. साध्या टकोमाची कमाल मर्यादा ६,५०० पौंड, म्हणजे साधारण २,९५० किलो. हायब्रिडची ६,०००, म्हणजे २,७२० किलो. गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन पेलायचं याला एकत्र मर्यादा असते, आणि बॅटरी-मोटरचं वजन त्यातूनच वजा होतं. हमालाला आधीच शिदोरीचं ओझं दिलं तर पोतं हलकंच घ्यावं लागणार. त्याच वर्गातला शेव्हरोले कोलोरॅडो हायब्रिडशिवाय ७,७०० पौंड ओढतो.

दुसऱ्या, म्हणजे ॲव्हरेजच्या वाटेनं गेलेली गाडी एक नंबर लहान आहे, फोर्डची मॅव्हरिक. २०२२च्या मॉडेलपासून आली. तिचं २.५ लिटरचं इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं. त्यात हवा आत घेणारी झडप जरा उशिरा बंद होते, त्यामुळे इंजिन ताकदीला मवाळ पण इंधनाला काटकसरी. मवाळपणा मोटर झाकते. शहरात गॅलनला ४२ मैल, हायवेवर ३३, मिळून ३७. आपले लिटरला १५.७. शहरात जास्त आणि हायवेवर कमी, हा उलटा क्रम दिसला की समजावं, इथं हायब्रिड खरंच सुटे पैसे साठवतंय. सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरला पाच कमी होती, आणि त्या वर्षी हायब्रिड हेच मूळ इंजिन होतं. टर्बो हवं असेल तर जादा पैसे. २०२२च्या जानेवारीतच फोर्डला हायब्रिडची मागणी नोंदवणं थांबवावं लागलं. उणीव? ती २,००० पौंड ओढायची, म्हणजे ९०० किलो. हौदा साडेचार फुटांचा. घोड्यांची गाडी किंवा मोठी बोट ओढणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

मॅव्हरिकमधली दोन मोटरींची रचना १९९७च्या प्रियसमधून टोयोटानं जगाला दाखवली त्याच जातीची आहे. २००४ साली फोर्डनं टोयोटाकडून त्यातल्या पेटंटांचा परवानाही घेतला होता. आज ती विद्या फोर्डच्या पिकअपमध्ये पेट्रोल वाचवते आहे, आणि खुद्द टोयोटानं आपल्या पिकअपसाठी वेगळीच, ताकदीची रचना निवडली. घरची लेक दुसऱ्या घरी संसार काटकसरीनं करतेय म्हणा.

आता हिशेबाला बसू, कारण 'ॲव्हरेज' हा शब्दच फसवा आहे. लिटरला ६ देणारी गाडी ७ देऊ लागली आणि १५ देणारी १८ देऊ लागली. जास्त पेट्रोल कुणी वाचवलं? सभागृहात बहुतेक जण दुसऱ्या गाडीचं नाव घेतील. १०० किलोमीटरला पहिलीनं सुमारे २.४ लिटर वाचवलं, दुसरीनं १.१. ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये हा भ्रम मांडला. नंतर अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवरच्या चिठ्ठीत १०० मैलांना किती गॅलन, हेही छापू लागले.

म्हणून मी टकोमाच्या त्या एक किलोमीटरला हसून सोडणार नाही. वर्षाला २० हजार किलोमीटर धरा, साधारण १९५ लिटर वाचतात. डॉलरला लिटर धरलं तर १९५ डॉलर. हायब्रिडसाठी समजा तीन हजार डॉलर जास्त मोजले, तर ते फिटायला पंधरा वर्षं. मॅव्हरिकमध्ये टर्बोऐवजी हायब्रिड घेणारा तेवढ्याच अंतरात पाचशे लिटरहून जास्त वाचवतो. ज्याला ट्रेलर ओढायचा नाही त्याला मी विचार न करता धाकटी गाडी घ्यायला सांगेन.

पण तसं सांगून तिथं कोण ऐकतो! मोठ्या पिकअपचं वेड नुसतं हौसेतून आलेलं नाही, कायद्यानंही त्याला खतपाणी घातलं. १९६० नंतर युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी बदला म्हणून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रीन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात बसवली. बाकीच्या मालावरची पुढं गेली, ट्रकवरची राहिली. बाहेरच्या स्वस्त, लहान पिकअपला दार जवळजवळ बंद झालं. त्यात गाडीच्या चार चाकांमधलं क्षेत्रफळ जेवढं मोठं तेवढं इंधनाचं लक्ष्य सैल, असा नियम आला. मग गाडी लहान कशाला करतील? कोंबडीपासून सुरू झालेली गोष्ट साडेसतरा फुटांच्या गाडीपर्यंत आली.

ऑस्ट्रेलियात तिसरी वाट चालू आहे. तिथं चीनच्या बीवायडीचा शार्क जवळपास ३० युनिटची बॅटरी घेऊन आला, घरच्या प्लगवर भरणारी. शहरातल्या सुताराला, इलेक्ट्रिशियनला आठवडाभर पेट्रोल लागायचं नाही. पण आला तेव्हा तो ओढायचा २,५०० किलो, आणि तिथला रिवाज ३,५०० चा. फोर्डनं आपल्या रेंजर पिकअपला ११.८ युनिटची बॅटरी देऊन ३,५०० राखले, तर नुसत्या विजेवरचं अंतर आखडलं. पांघरूण तेवढंच, डोकं झाकलं की पाय उघडे.

उपयोगाचा एक भाग मात्र कुठल्याच ॲव्हरेजमध्ये धरलेला नाही. टकोमाच्या हायब्रिडमध्ये २,४०० वॉटचा वीजपुरवठा मिळतो, हौद्यात चक्क प्लग. थोरल्या फोर्ड एफ-१५०च्या हायब्रिडमध्ये ७,२०० वॉटचा. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सस गोठलं, वीज गेली, तेव्हा काहींनी घरातले हीटर या ट्रकवर चालवले.

पुतण्याकडे मी असतानाही वादळात वीज गेली. हवा बरी होती म्हणून तो घाबरला नाही. गाडी अंगणात घेतली, फाळका पाडला, लांब वायर खिडकीतून आत दिली. फ्रिज चालू झाला, दोन दिवे लागले. मी त्याला तिथंच उभं राहून पंधरा वर्षांचा हिशेब समजावत होतो. तेवढ्यात आतून मिक्सरचा आवाज आला आणि सूनबाई खिडकीशी येऊन म्हणाली, "काका, तुमचं ॲव्हरेज चालू द्या. गाडी पाच मिनिटं बंद करू नका, इडलीचं वाटून होतंय."